पडद्यासमोरची खुर्ची

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं, आणि ते दुपारीही उठलं नाही. एरवी दहा-अकराला उन्हाची तिरीप आली की धुकं दरीत उतरायचं. त्या दिवशी जागचं हललं नाही. अंगणातली दोरी दिसत नव्हती, दोरीवरचे कपडे तेवढे हवेत टांगल्यासारखे. वारा नाही, पाऊस नाही, नुसतं पांढरं. डिसेंबरची सतरा तारीख, बुधवार. कंपाउंडर ती तारीख कधी विसरला नाही, म्हणून आपल्यालाही ठाऊक.

जरा सरकून बसा, पोरांनो. म्हाताऱ्याचा आवाज लांब जात नाही.

कंपाउंडर म्हणजे शिकलेला कंपाउंडर नव्हे तो. आधी शाळेत शिपाई होता. गावात डॉक्टर टिकत नव्हता. एक आला, तो थंडीला कंटाळला. दुसरा आला, त्याच्या बायकोला करमेना. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तोड काढली. शाळेमागच्या खोलीत एक पडदा बसवला, पडद्यावर कॅमेरा, समोर एक खुर्ची. डॉक्टर शहरात, पेशंट इथे. बोटाला लावायचा चिमटा, दंडाला गुंडाळायचा पट्टा, आणि छपरावर उन्हावर चालणाऱ्या पाट्या, त्यांच्यावर बॅटरी. ह्याला आठ दिवस शिकवलं, किल्ली हातात दिली, आणि लोकांनी त्याला कंपाउंडर करून टाकलं.

कुणी विचारायचं, "का रे, काचेतून नाडी कशी बघतात?"

तो म्हणायचा, "नाडी मी धरतो, बघतात डॉक्टरीणबाई. हात माझा, अक्कल त्यांची."

चांगलं होतं ते, खोटं कशाला बोला. पुष्कळांना गुण आला. पण लाइन तुटायची. डॉक्टरीणबाई विचारतायत "कुठं दुखतं", आणि चेहरा तसाच थिजायचा, तोंड उघडं. लाइन परत आली तरी त्या यंत्राचा एक हट्ट होता. ज्याचं नाव उघडलंय त्याचं संपल्याशिवाय दुसऱ्याचं उघडायचं नाही. बाहेर बाकावर वीस माणसं खोकतायत. मग कंपाउंडर अर्धवट राहिलेल्याच्या नावापुढे 'तपासले' दाबायचा आणि पुढच्याला आत घ्यायचा. राहिलेल्याला सांगायचा, "उद्या या. उद्या तुमचा नंबर पहिला." त्यात लबाडी नव्हती. अडलेली गाडी ढकलायची रीत होती ती.

वरच्या वाडीवर एक म्हातारी एकटी राहायची. सगळे तिला मावशी म्हणत. दीड तास उतरून यायचं, दोन तास चढून जायचं. छातीत कळ येते म्हणून चार वेळा आली, आणि चारही वेळा लाइन नेमकी तिच्याच नंबराला गेली. चौथ्यांदा ती हसली. म्हणाली, "त्या काचेतल्या बाईला माझं तोंड बघवत नाही वाटतं."

"उद्या पहिला नंबर तुमचा, मावशी. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. म्हणजे निघाली होती. अर्ध्या वाटेवर दगडाला टेकून बसलेली सापडली. कंपाउंडरला कुणी जाब विचारला नाही. कागदाप्रमाणे डॉक्टरांनी तिला चारदा तपासलं होतं.

ह्याला तीन आठवडे झाले, आणि मग ही सतरा तारीख.

त्याच्या बायकोला दोन दिवस ताप होता. ती बाई मोठी तोंडाळ, पण मायाळू. संध्याकाळी धाप लागली. आठला ओठ निळे पडायला लागले. कंपाउंडरने चिमटा आणून तिच्या बोटाला लावला. आकडा बघितला आणि चिमटा खिशात घातला.

"किती आला?" तिने विचारलं.

"ठीक आहे."

"तुम्हाला खोटं कधी जमलंय का?"

त्याने गाडीसाठी फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, "दादा, धुकं उठल्याशिवाय गाडी घाट चढणार नाही. सकाळपर्यंत कळ काढा." सकाळपर्यंत बायको तग धरणार नव्हती, एवढं त्याला आठ दिवसांच्या शिकवणीतही कळत होतं. शाळेमागच्या खोलीतल्या कपाटात धापेवरचं एक इंजेक्शन होतं. पण डॉक्टरांनी पडद्यावर बघून सांगितल्याशिवाय कपाटाचं कुलूप उघडत नव्हतं. कुलूपही यंत्राचंच. रात्रीच्या डॉक्टरीणबाई दहापर्यंत बसायच्या.

त्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारली. दोघांनी तिला रजईत गुंडाळलं, घरातल्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची उचलली. शिंप्याच्या दातांत टॉर्च.

वाटेत ती म्हणाली, "नवरा कंपाउंडर... तरी बायकोला नंबर लावावा लागतो."

"वहिनी, तुमचं वजन बघता दोन नंबर लावायला हवेत," शिंपी दातांतूनच बोलला. ती हसली. हसताना तिचा श्वास अडकला, आणि दोघांनी पाय उचलले.

खोलीत तिला बाकावर आडवं केलं. बसवत नव्हतं तिला. शिंपी म्हणाला, "मी दारात थांबतो. एखादी गाडी वर आलीच तर टॉर्च दाखवीन." तो बाहेर गेला. दार लोटलं.

नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दिवसभर ऊन नव्हतं, त्यामुळे बॅटरी चौदावर होती. चौदा म्हणजे वीस मिनिटं, फार तर.

त्याने दिवा मालवला, बॅटरी वाचावी म्हणून. पडद्याच्या उजेडात बायकोचं नाव घातलं. हिरवं बटण दाबलं. लाइन लागली. पहिल्या झटक्यात लागली, अशी कधीच लागत नसे. डॉक्टरीणबाई दिसल्या. कानाला हेडफोन लावलेले, समोर चहाचा कप.

"मॅडम, माझी बायको आहे. श्वास घेता येत नाही. ऑक्सिजनचा आकडा बहात्तर आला."

"घेते हं त्यांना लगेच. आधी ह्या आजींचं होऊ दे."

"कुठल्या आजी?"

"ह्या काय समोर बसल्यात. नाव त्यांचंच उघडलंत ना तुम्ही."

त्याने वर बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात मावशीचं नाव होतं.

त्याने पडद्यासमोरच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, खुर्चीवर कुणी नाही. कॅमेरा वळवतो, बाकावर बघा..."

"बोला आजी," बाई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. "कधीपासून दुखतंय?"

खोलीत आवाज नाही. बायकोच्या छातीतली घरघर तेवढी.

"हं... आणि चढताना?... हं... डाव्या हातातही?"

त्याने कॅमेरा धरून बाकाकडे फिरवला. पडद्यावर काही फिरलं नाही. बाई तशाच खुर्चीकडे बघत होत्या. बॅटरी अकरा.

मग त्याने तेच केलं, जे इतकी वर्षं करत आला होता. मावशीच्या नावापुढे 'तपासले' दाबलं.

"बंद काय करता?" बाई जरा रागावल्या. "अजून बघतेय मी त्यांना."

नाव गेलं नाही. पुन्हा दाबलं. गेलं नाही. बॅटरी नऊ.

"चार वेळा?" बाई खुर्चीला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "ह्या म्हणतात, चारदा येऊन गेल्या. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

 

तो खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला. रिकाम्या खुर्चीपुढे. हात जोडले. "मावशी, माझं चुकलं. हिला आधी बघू दे. पाया पडतो... दोन मिनिटं..."

काही नाही.

मग बाकावरून बायको बोलली. हळू, पण स्पष्ट.

"अहो... त्यांचं आधी होऊ द्या. लांबून आल्यात."

त्याने मान वळवली. बायको खुर्चीकडेच बघत होती. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

"बोटाला चिमटा लावा त्यांच्या," बाई म्हणाल्या.

चिमटा त्याच्या खिशात होता. त्याने तो काढला. खुर्चीच्या दांड्यावर ठेवला... ठेवला तसा चिमट्याचा लाल दिवा लागला.

"बोट फार गार आहे तुमचं, आजी. आकडाच येत नाही."

बॅटरी पाच.

"घाबरू नका. सावकाश सांगा. आज वेळ आहे मला."

चार.

तो बायकोपाशी गेला. तिचा हात धरला. नाडी धरली. ती होती... मग नव्हती... मग होती.

तीन.

दोन.

"झालं हं आजी. या आता," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, कागद बाजूला केला आणि वर बघितलं. "हं. पुढचं कोण?"

पडदा गेला.

अंधार. कपाटाचं कुलूप तसंच. आणि घरघर थांबली होती.

किती वेळ तो हात धरून बसला, त्याचं त्यालाच माहीत नाही. धुक्यात उजेड पांढुरका होत आला, तेव्हा तिच्या पायांवरची रजई सरकलेली दिसली म्हणून तो नीट करायला उठला. तिचे तळवे ओले होते. बोटांच्या मध्ये गवताची हिरवी पाती, टाचेला लाल माती. घरातून खुर्चीवर बसवून आणलेली बाई. जमिनीला पाय लागला नव्हता तिचा.

तो दार उघडून बाहेर आला. शिंपी पायरीवर बसला होता, अंग आखडून. टॉर्च विझून गेलेली. ह्याला बघून तो उठला, आणि हसला. मनापासून हसला.

"गुण आला ना वहिनींना?" तो म्हणाला. "चालत बाहेर आल्या, मला बरं वाटलं. पण धुकं केवढं होतं... म्हणून वरच्या वाडीच्या वाटेवरचा पहिला चढ संपेपर्यंत मीच टॉर्च दाखवली त्या दोघींना."