सहाव्या कडव्याच्या आधी

डोळे मिटा बघू. मिटलेत? आता एक लांबट, उंच छपराचं ख्रिस्ती देऊळ डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, मधून वाट, समोर वेदी. वेदीच्या डावीकडे, भिंतीकडे तोंड करून, एक जुना ऑर्गन. त्याच्या तळाशी दोन फळ्या आहेत. त्या पायांनी आळीपाळीने दाबत राहायचं, म्हणजे आतला भाता फुगतो आणि वरच्या पट्ट्यांमधून सूर निघतात. पाय थांबले की सूर गेला. वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे, म्हणून ऑर्गनच्या वर एक छोटा आरसा टांगलेला. पाळकसाहेबांनी हात वर केला की तो आरशात दिसायचा, आणि गाणं कुठे सुरू करायचं, कुठे आवरायचं ते कळायचं.

आता गाण्यांचे शब्द भिंतीवर उजेडाने उमटतात. त्या काळी हातात पुस्तक असे, आणि दोघांत एकच असेल तर डोकी जवळ आणावी लागत.

त्या ऑर्गनवर ती बसायची. वय चोवीस, पाठ ताठ, बोटं चपळ. वडील थकले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, तीच वाजवत होती. सगळे तिला ऑर्गनबाई म्हणत. तिची आठ वर्षांची भाची शाळा सुटली की तिच्यापाशी येई. ही मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

त्या दिवशी ऑर्गनबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळीच पाळकसाहेब म्हणाले होते, "बाई, वाजवता तुम्ही सुरेख. पण लोक गायचे थांबलेत. उपासनेत लोक नुसते ऐकत बसले, तर ती उपासना कुणाची? तीन रविवार बघू. नाहीतर काही दिवस ऑर्गनवर कापड घालू आणि नुसत्या गळ्यांनी गाऊ."

कापड घालू. ते शब्द तिच्या मनातून जाईनात. ती रागारागाने सराव करत होती, आणि तेवढ्यात वेदीमागच्या खोलीतून आवाज आला. ठक. ठक-ठक.

ती उठली आणि तरातरा गेली. खोलीत कंबरेएवढा पुस्तकांचा ढीग, खळीचा आंबूस वास, आणि बाह्या दुमडून बसलेला एक तरुण. देवळातली गाण्यांची पुस्तकं खिळखिळी झाली होती, ती बांधायला त्याला बोलावलं होतं. पुस्तकाचा कणा तो हातोडीने गोल करत होता.

"अहो, इथे सराव चाललाय."

"इथे काम चाललंय," तो मान वर न करता म्हणाला. मग त्याने मान वर केली, आणि हातोडी तशीच हवेत राहिली. "पण... थांबवता येईल."

"थांबवू नका. तालात ठोका, एवढंच."

"तुम्ही तालात वाजवलंत तर ठोकीन. तिसऱ्या ओळीला दर वेळी घाई करता."

भिंगरी खुदकन हसली. मावशीने तिच्याकडे पाहिलं, तशी ती हसू गिळून पुठ्ठे मोजायला लागली. ऑर्गनबाई परत गेली. तिसरी ओळ आली तेव्हा तिने मुद्दाम सावकाश वाजवली. आतून हातोडी बरोबर तालावर पडली... आणि तिला हसू आलं. बरं झालं, तोंड भिंतीकडे होतं.

मग रोज दुपारी असंच. ती आली की तो दारातून विचारी, "आज कितवं?" ती आकडा सांगे. तो हातातल्या पुस्तकात ते पान काढून ठेवी. सराव संपला की ती खोलीच्या उंबऱ्याशी दोन मिनिटं थांबे. दोनाची दहा कधी व्हायची, ते फक्त भिंगरीला माहीत.

"सुईत दोरा ओवून देता?" तो एकदा म्हणाला. "माझ्या बोटांना खळ लागलीय."

"रोज कोण ओवून देतं?"

"रोज... खळ लागत नाही."

तिने मेण लावलेला दोरा ओवून दिला. सुई देताना बोटाला बोट लागलं आणि थोडी खळ तिच्याही बोटाला आली. घरी जाईपर्यंत तिने ती पुसली नाही.

चार दिवसांनी त्याने तिला एक पुस्तक उघडून दाखवलं. "हे पान बघा. खालचा कोपरा काळवंडलाय. म्हणजे इथे अंगठा ठेवून माणसं उभी राहिलीत, वर्षानुवर्षं. हा मेणाचा थेंब. इथे कुणीतरी मांजर काढलंय. ह्या पानाचा कागद पाणी पडून फुगलाय, पण पाणी नसेल, हे गाणं पुरतानाचं आहे." मग त्याने पुस्तकाचा शेवट उघडला. तिथे मागाहून चिकटवलेली वीस गाणी होती. "ही दोन वर्षांपूर्वी जोडलीत ना?"

"हो. मी निवडली." ती खुशीत म्हणाली. त्या वीस गाण्यांवर तिचा फार जीव होता. उंच चाली, मधेमधे बोटांना नाचायला भरपूर जागा.

"एकशे एक्केचाळीस पुस्तकं आहेत. एकातसुद्धा इथे अंगठा नाही."

तिने ती पानं भराभर चाळली. मग म्हणाली, "लोक ऐकतात."

"ऐकतात की. गेल्या रविवारी, इथे आलो त्याच दिवशी, मीही ऐकलं. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. देवळात कशाला, म्हणून हात मांडीखाली घेतले."

"तुम्ही पुस्तकं बांधा," ती म्हणाली. "गाणं माझ्यावर सोडा."

तिचं नाक लाल झालं होतं. पुढचे आठ दिवस तिने उंबऱ्याशी पाऊल टाकलं नाही. आतली हातोडीसुद्धा दबकत वाजायची.

पहिला रविवार गेला. तिने लोकांना जोर यावा म्हणून आणखी मोठ्याने वाजवलं. लोक आणखी गप्प झाले. दुसरा गेला. तिने आणखी सुंदर वाजवलं. पुढच्या बाकावरची एक आजी चष्मा पुसून घरी गेली. सोमवारी एक मोठं पांढरं कापड घडी करून ऑर्गनशेजारी ठेवलेलं तिला दिसलं.

"मावशी," भिंगरी म्हणाली, "ते बांधणीवाले रविवारनंतर सोमवारी जाणारेत. पुस्तकं संपत आली."

"जाऊ देत."

"मग आरसा का वाकडा केलास?"

आरसा वाकडा केला होता खरा. जरासाच. पण तेवढ्याने पाळकसाहेब आरशातून बाहेर गेले होते आणि शेवटचं बाक आत आलं होतं. शेवटच्या बाकावर, अगदी कडेला, बांधणीवाला बसायचा.

तिसरा रविवार. गाणं सात कडव्यांचं, तिनेच जोडलेल्या वीस गाण्यांतलं. पहिली पाच कडवी ती एकटीच वाजवत होती म्हणा ना; मागून नुसती कुजबुज. पाचवं संपलं. सहाव्याच्या आधी ती नेहमी बोटांची करामत करायची. तिने सुरुवात केली आणि नजर आरशात गेली.

तो उभा होता. हातात नवं बांधलेलं पुस्तक, पानाच्या कोऱ्या कोपऱ्यावर घट्ट रोवलेला अंगठा. आणि तो पुस्तकात बघतच नव्हता. आरशात बघत होता. तिच्याकडे.

किती वेळ? फार नसेल. पण तेवढ्यात तिचे पाय पाय असल्याचं विसरले. भाता बसला. सूर दमलेल्या म्हशीसारखा सुस्कारा टाकून विझला. पाळकसाहेबांचा हात कधीचा वर होता. तो तिला दिसलाच नव्हता.

देवळात शांतता. आता कापड, तिने मनात म्हटलं.

आणि मग पुढच्या बाकावरून आजीचा आवाज आला. सहावं कडवं. खाली, खर्जात, तिच्या स्वतःच्या पट्टीत. आजीच्या शेजारचा आवाज त्यात मिसळला. मग त्यामागचा. ऑर्गनचा डोंगर बाजूला झाला होता आणि लोकांना पहिल्यांदाच एकमेकांचे आवाज ऐकू येत होते. ओळीच्या शेवटी सगळे मिळून श्वास घ्यायचे, तो श्वाससुद्धा ऐकू यायचा. दोन वर्षांत तिने त्यांना तेवढी उसंत कधी दिलीच नव्हती.

तिने पट्ट्यांना हात लावला नाही. नुसतं ऐकलं. सातव्या कडव्याला तिने त्यांची पट्टी शोधली, चांगली दोन-तीन सुरांनी खाली, आणि हळूच त्यांच्याखाली जाऊन उभी राहिली. साधे, लांब सूर. ओळ संपली की थांबायचं. छपरापर्यंत गाणं भरलं. त्यात मागून एक आवाज तर इतका बेसूर आणि इतका मनापासून होता, की आरशात न बघताही तिला तो कुणाचा ते कळलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब आले. "चांगली युक्ती केलीत, बाई."

खोटं बोलणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "युक्ती नव्हती, पाळकसाहेब. चूक झाली. मी... दुसरीकडे बघत होते."

"ते मला पहिल्या कडव्यापासून माहीत आहे," ते म्हणाले. "एरवी आरशात मला तुमचा चेहरा दिसतो. आज छताची तुळई दिसत होती." त्यांनी घडी केलेलं कापड उचलून काखेत मारलं. "हे जेवणाच्या मेजावर घालायला बरं आहे. आजच्यासारखं वाजवत जा."

देऊळ रिकामं झालं. शेवटच्या बाकावरून पावलं वाजत आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"उद्या निघतोय," तो म्हणाला.

"संपली सगळी?"

"एकशे चाळीस पक्की झाली. एक... मुद्दाम कच्चं बांधलंय."

"म्हणजे?"

"महिन्याभरात पानं सुटतील. मग दुरुस्तीला बोलवावं लागेल ना कुणाला तरी." तो कानापर्यंत लाल झाला. "आयुष्यात असं वाईट काम पहिल्यांदाच केलं. वडिलांना कळलं तर हातातली सुई काढून घेतील."

"कुठलं पुस्तक?"

त्याने ऑर्गनवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. तिच्याच.

तिने ते उचललं, उघडलं. मधोमध दोऱ्याची सैल गाठ दिसत होती. तिने ती नखाने पकडली.

"महिनाभर कोण थांबणार?" ती म्हणाली आणि गाठ ओढली.

पानं तिच्या मांडीवर सांडली, मग जमिनीवर. ती वेचायला दोघंही एकदमच खाली वाकली, आणि बराच वेळ एकही पान उचललं गेलं नाही.

भिंगरी दारातून हे सगळं पाहत होती. ती आवाज न करता बाहेर पायरीवर आली, तर समोरून पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, झपाझप येताना दिसल्या.

"अगं, माझी छत्री राहिली आत," त्या म्हणाल्या. "सरक बघू जरा."

भिंगरी सरकली नाही. पायरीच्या बरोबर मधोमध उभी राहिली, हात मागे बांधले, आणि आतल्यांना नीट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिने तेच गाणं पहिल्या कडव्यापासून म्हणायला सुरुवात केली. गाणं सुरू असताना मधून जायचं नाही, हा पाळकबाईंचाच नियम होता. त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, आणि भिंगरी एकही ओळ न गाळता सातही कडवी गायली.