बोर्डापुढची फुंक

ही गोष्ट ऐकीव नाही. तिचे दोन कागद आहेत, आणि दोन्हींवर वेळ लिहिलेली आहे.

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. गेल्या वर्षीची बावीस नोव्हेंबर.

वसुमतीचे अप्पा, व्यंकटरमण, तेलंगणातल्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं छत तपासत. काठीने ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव आवाज आला की माणसं आत. पोकळ आला की सगळे बाहेर.

ती सवय घरीही सुटली नाही. कुठल्याही दारातून जाताना आधी चौकटीवर…

टक्. टक्. टक्.

आता दोन पावलांत दम लागे. फुप्फुसांत खाणीची धूळ भरली होती. त्या दिवशी मेडिकल बोर्डाची श्वासाची तपासणी होती. आजार मान्य झाला तरच अपंगत्वाची पेन्शन, आणि त्यांच्यामागे ती आईला.

“जमेल तेवढंच फुंका, अप्पा,” आदल्या संध्याकाळी वसुमती म्हणाली.

“जमतं कुठे? परवा देवापुढची समईसुद्धा विझली नाही.”

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अप्पा वारले.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर वेळ घातली. आई त्यांची काठी मांडीवर घेऊन बसली.

अकरा वाजता वसुमती बोर्डाला कळवायला गेली. तपासणी करणारा नटराज अर्ज भरल्यापासून ओळखीचा; तिला पाहून हसला.

“तुमचे वडील, पेरियवर, आत्ताच येऊन गेले, मा. काय फुंकले! शंभर वर्षं काढतील.”

“कोण?”

त्याने कागद पुढे केला. व्यंकटरमण. अंगठ्याचा ठसा जुळला. वेळ दहा चाळीस. श्वासाची क्षमता… अठ्ठ्याण्णव टक्के.

शेरा : अपंगत्व नाही.

“एकटेच आले?”

“एकटेच. आधी चौकट ठोकली. मी म्हटलं, ताता, वाळवी बघताय का?”

“कशाने ठोकली?”

नटराजने चौकटीकडे पाहिलं.

“हातात काही नव्हतं, मा. पण आवाज काठीचा होता.”

वसुमतीने अपील केलं. दोन्ही कागद जोडले. मार्चमध्ये उत्तर आलं : ठसा अर्जदाराचाच आहे, अपील फेटाळलं.

पत्र आलं त्या दुपारी आई खाटेवर पडली होती. काठी खिळ्याला टांगलेली. वारा नव्हता.

वर छतावर…

टक्. टक्. टक्.

आवाज पोकळ होता.

मायलेकींनी खाट दुसऱ्या खोलीत हलवली. मिस्त्रीने दोन्ही छतं तपासली. एक तडा नाही, म्हणाला.

काल दुपारी दुसऱ्या खोलीतही आवाज आला. तोही पोकळ.

“बाहेर जा म्हणताहेत,” आई म्हणाली. “पण जायचं कुठे, ते नाही सांगत.”