सोवळी बंदूक

त्या सकाळी सह्य प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांचं प्रेत संसदेच्या पायऱ्यांवर तसंच पडून होतं आणि नभोवाणीवर उठाव करणाऱ्या जनरल रणनवरे यांचं भाषण पुन्हापुन्हा वाजत होतं. शस्त्रागाराच्या खोलीत डॉ. सुनीती टिळेकरांना हात बांधून बसवलं होतं. दारात पहाऱ्याला लहू पाचर्णे हा विशीतला शिपाई होता. त्याच्या वर्दीवर वाळलेलं रक्त त्याच्या जुळ्या भावाचं, अंकुशचं होतं.

फौजेच्या हातातली बंदूक टिळेकरबाईंनीच घडवली होती. देशोदेशींच्या लष्करी उठावांचा त्यांनी अभ्यास केला होता. रणगाडे रस्त्यावर येतात, नभोवाणी ताब्यात जाते, पण सत्ता कुणाची हे शेवटी ठरतं साध्या शिपायाच्या बोटावर. आपल्याच माणसांवर गोळी झाडायला तो कचरला, की उठाव कोसळतो. मग उठाव यशस्वीच होऊ नये म्हणून हे कचरणंच त्यांनी बंदुकीत बसवलं. मनात दोन विचार झगडू लागले, की मेंदूत एक ठरावीक विद्युतलहर उठते. शिरस्त्राणातला पट्टा ती टिपतो आणि बंदुकीचा घोडा आवळून धरतो. सरकारी नाव संकोच-कुलूप. शिपाई म्हणत सोवळी बंदूक.

"बाई, हे कुलूप काढता येत नाही का?" लहूने खालच्या आवाजात विचारलं.

"येतं की. जनरलनी काढायला सांगितलंच नाही."

"का?"

"पूर्वी ज्याला मारायचं नसे तो आभाळात गोळी झाडायचा, भिंतीवर नेम धरायचा. कुणाला पत्ता लागत नसे. आता बंदूकच चुगली करते. ज्याची मुकी राहिली तो फितूर."

लहूने मान खाली घातली. संसदेसमोर पुढच्या रांगेतल्या कितीतरी बंदुका मुक्या राहिल्या होत्या. ज्यांच्या चालल्या, त्यांनी आधी राष्ट्राध्यक्षांना आणि मग त्या मुक्या बंदुकवाल्यांना तिथेच गोळ्या घातल्या. अंकुश त्यातच गेला. कवटीची एक बाजू उडाली होती. मागच्या रांगेत होता म्हणून लहू वाचला होता.

"आज कैद्यांना गोळ्या घालायची पाळी माझी आहे," तो म्हणाला. "माझी नाही चालायची, बाई. घरी आई एकटी आहे. काय करू?"

"कुलपाला खरंखोटं कळत नाही रे, लहू," बाई म्हणाल्या. "त्याला फक्त चलबिचल कळते. पेटलेल्या माणसाची चलबिचल होत नाही."

थोड्या वेळाने कैद्यांना कवायतीच्या मैदानावर नेलं. बाईंना भिंतीशी उभं केलं. कप्तान ओरडला, "पाचर्णे, पुढे हो!"

लहूने नेम धरला, चाप ओढला. घोडा हलला नाही. कप्तानाने पिस्तूल काढून त्याच्या कानशिलाला लावलं. "पुन्हा एकदा. शेवटचं."

"लहू!" भिंतीकडून बाईंचा आवाज आला. "अंकुशला मी मारलं! बंदूक माणसाला पकडून देईल, हे मला आधीच ठाऊक होतं. तरी बनवली. मला मोठं व्हायचं होतं. तुझ्या भावासारखे शिपाई काय, पैशाला पासरी मिळतात!"

हे खरं होतं, की त्याचा जीव वाचावा म्हणून बाईंनी रचलं होतं, हे लहूला कधीच कळलं नाही. त्या क्षणी त्याला अंकुशचं फुटलेलं डोकं तेवढं दिसलं. डोळ्यांत रक्त उतरलं. बंदूक गरजली. बाई भिंतीला घसटत खाली आल्या, तरी तो झाडतच राहिला.

"शाबास," कप्तान म्हणाला आणि पिस्तूल कमरेला खोचलं.

दुसऱ्या कैद्याला आणलं. संसदेचे वृद्ध सभापती होते. पायात एकच चप्पल. लहूचं त्यांच्याशी काही वैर नव्हतं. लहानपणी शाळेत त्यांच्याच हातून दोघा भावांनी धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस घेतलं होतं. सभापतींनी त्याच्याकडे पाहून हात जोडले.

लहूने बंदूक उचलली. आता ती अडेल, अडायलाच हवी, म्हणून तो आतल्या आत वाट पाहू लागला. हात थरथरेना. छातीत काही हलेना. त्याने चाप ओढला.

बंदूक चालली.