बगलेतला तुकडा

बोदोग, म्हणजे जनावराच्या अख्ख्या कातडीतच शिजवलेलं मांस, करताना तार्वगाचं पोट कधी चिरत नाहीत. मानेपाशी वाट करायची, कातडी अखंड ठेवून आतलं मांस आणि हाडं हाताने सोडवून बाहेर काढायची. मग मीठ, रानकांदा आणि विस्तवात लाल झालेले नदीचे गोटे यांच्यासकट सगळं परत त्याच कातडीत भरायचं आणि मान तारेने आवळायची. बाहेरून केस जाळत, खरवडत राहायचं. आतलं शिजवण्याचं काम गोटे करतात. आमच्याकडे हे पुरुषांचं काम समजतात. मी ते माझ्या नवऱ्याहून चांगलं करते आणि हे त्यालाही मान्य होतं.

मी नोर्जमा. तेवीस वर्षं सहकारी संस्थेच्या कळपांसाठी जनावरांची डॉक्टर आहे. तार्वग दिसायला खारीच्या जातीचं, आकाराने मोठ्या मांजराएवढं, बिळात राहणारं जनावर; हिवाळ्यात अख्खं कुटुंब आत गवत अंथरून, बिळाचं तोंड मातीने बुजवून, एकमेकांना चिकटून झोपतं. त्याच्या पिसवांतून प्लेग येतो, म्हणून मी तपासल्याशिवाय आमच्या गावात कोणी तार्वग आगीवर ठेवत नसे.

त्याच्या बगलेत राखी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा असतो. त्याला म्हातारी माणसं ‘माणसाचं मांस’ म्हणतात. तार्वग म्हणे पूर्वी तिरंदाज होता. सूर्यावर नेम धरला, तो चुकला, लाजेने स्वतःचा अंगठा कापून जमिनीत शिरला. पाणी पिणार नाही, उन्हाळा सरला की उजेड बघणार नाही, अशी शपथ घेतली. त्याचं तेवढंच अंग माणसाचं राहिलं. म्हणून तो तुकडा काढून मातीत पुरायचा, खायचा नाही.

मला विचाराल तर ती एक गाठ आहे. प्लेग झाला की तीच आधी सुजते. जुन्या लोकांनी शहाणपणाने तिच्याभोवती गोष्ट रचली, इतकंच.

ऑगस्टच्या अखेरीस चुल्तेमने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक लठ्ठ तार्वग मारून आणला. तो सहकारी संस्थेचा ट्रक चालवायचा. त्याची थोरली बहीण दुलमा जेवायला आली होती. मी आतलं मांस सोडवत होते आणि ती माझ्या हाताकडे टक लावून बसली होती.

“तो तुकडा काढलास ना?”

“काढते, ताई.”

“शिकलेल्या बायकांचा नेम नसतो. मागच्या वेळी कुत्र्याला टाकलास तू. बघितलं मी.”

“कुत्रं काही मेलं नाही.”

“कुत्र्याचं सोड. मुळात तुला आमच्या घरातलं काहीच पटत नाही. पहिल्यापासून.”

हे ती वीस वर्षं म्हणत आली होती. मी गाठ काचेवर घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. स्वच्छ होती. मग ती उचलली आणि दुलमाच्या डोळ्यांदेखत परत कातडीत टाकली. ती उठून न जेवता निघून गेली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करते.

तो तुकडा चुल्तेमच्या ताटलीत आला. “गोडसर आहे गं,” तो म्हणाला. आम्ही रीतीप्रमाणे तुपकट गोटे या हातातून त्या हातात खेळवले आणि अंगाला ऊब आली.

आठवडाभराने लक्षात आलं की त्याचा चहा तसाच राहतोय. मी कप उचलायचे तेव्हा वर साय धरलेली असायची. पाणीही नाही. “तहान नाही,” म्हणायचा. सकाळी उजाडता उजाडता तो गेरबाहेर, म्हणजे आमच्या नमद्याच्या गोल तंबूबाहेर, जाऊन उंचवट्यावर उभा राहायचा, दोन्ही हात छातीशी घेऊन, पूर्वेकडे तोंड करून. ट्रकवरचे सोबती त्याची टिंगल करायचे. तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. मी त्याचं रक्त तपासलं, लघवी तपासली. तीन आठवडे पाणी न प्यायलेल्या माणसाची मूत्रपिंडं जशी असायला हवीत तशी ती नव्हती. ती ठणठणीत होती.

सप्टेंबरच्या अखेरीस तो गवत आणू लागला. वाळलेलं, मूठ मूठ. पलंगाखाली, गादीखाली, सदऱ्यात.

“हे कशाला रे?”

“लागेल,” एवढंच म्हणाला.

पहिलं गोठलेलं दहिवर पडलं त्या दुपारी तो पश्चिमेच्या भिंतीलगतच्या पलंगावर कुशीवर निजला, गुडघे पोटाशी घेऊन. संध्याकाळी हलवून बघितला तर हाताला थंडगार लागला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, नाडी पाहिली, आणि डोक्यावरची टोपी काढली. दुलमाने तोंडात पदर कोंबावा तशी बाही कोंबली.

“पूर्ण मिनिटभर नळी ठेवा,” मी म्हणाले.

“नोर्जमाबाई, तुम्हाला कळायला हवं.”

“मला कळतं म्हणूनच सांगतेय. ठेवा.”

त्यांनी ठेवली. मी घड्याळ धरून उभी होते. पंधराव्या सेकंदाला त्यांचा चेहरा बदलला. तिसाव्याला पुन्हा. मिनिटाला चार ठोके. माझ्या पेटीतल्या थर्मामीटरचा पारा पहिल्या रेघेलाही पोचला नाही, म्हणून मी भिंतीवरचा हवामानाचा काढून त्याच्या काखेत धरला. सात अंश.

“हे मी कुठे लिहू?” डॉक्टर म्हणाले. त्यांनी काहीच लिहिलं नाही, आणि परत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुलमा दोन पुतण्यांना आणि बैलगाडी घेऊन आली. त्याला डोंगरउतारावर नेऊन ठेवायचं, जसं आमच्याकडे मेलेल्यांना ठेवतात.

“घरात ठेवू नये गं,” ती म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. “तो आता आपला नाही. ज्यांचा आहे त्यांच्याकडे जाऊ दे.”

“तो माझा आहे. झोपलाय.”

“तू केलंस हे.”

“हो, मीच केलं,” मी म्हणाले. “तुम्हाला डिवचायला केलं. म्हणून निस्तरणार पण मीच. गाडी मागे घ्या.”

मी दारात आडवी बसले. पुतणे माझ्याकडे बघत राहिले, दुलमाकडे बघत राहिले आणि शेवटी बैल वळवले. त्या दिवसापासून गावाने मला वेडी ठरवलं. ठरवू दे म्हटलं. वेड्या बाईच्या घरी फुकटचा सल्ला द्यायला कोणी येत नाही, तेवढाच फायदा.

चूल पेटवली की त्याचा श्वास विस्कटायचा, म्हणून मी चूल जेमतेम धुमसती ठेवली आणि दोन कोट घालून वावरू लागले. बाहेर उणे तीस, आत उणे दोन. रोज सकाळी ठोके मोजून वहीत लिहायचे. रात्री त्याच्या पाठीशी झोपायचे. कोणाशी तरी बोलायला हवं म्हणून त्याच्याशी भांडायचे: ट्रकच्या किल्ल्या कुठे ठेवल्यास, बहिणीला इतकी वर्षं डोक्यावर का बसवलंस. मला भीती वाटत होती. फार वाटत होती. पण भीती वाटते म्हणून आपलं माणूस देऊन टाकायचं, असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी बघितलं तर गेरच्या पश्चिमेच्या कडेला बाहेरून मातीचा बांध घातलेला. नमद्याच्या खालच्या काठाशी वारा शिरू नये म्हणून घालतात तसा, नीट दाबून बसवलेला. दुलमाचा राग निवळला असावा असं मला वाटलं. मी ताबडतोब तिच्याकडे गेले.

“माती लावलीत, बरं झालं.”

“मी?” ती म्हणाली. “परवा रस्त्यावरून दिसली. मला वाटलं, तू लावलीस.”

जमीन तेव्हा कोपरभर खोल गोठलेली होती. पहार मारली तर ठिणगी उडत होती. मी परत येऊन बांधाला हात लावला. माती मऊ होती, ओली होती.

ती उकरून टाकावी असं मनात आलं. नाही टाकली. वारा अडत होता.

जानेवारीत ठोके तीनवर आले. फेब्रुवारीत तीन. मार्चमध्ये चार, मग सहा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, बर्फ वितळून छपरावरून टपटपत असताना, तो हलला.

मी वही खाली ठेवली.

काखेत अठ्ठावीस अंश. मग एकतीस. तो सगळ्या अंगाने थरथरत होता. गालांची हाडं वर आली होती, पण डोळे उघडले ते चुल्तेमचेच होते. त्याने मला ओळखलं. माझं नाव घेतलं. मी सहा महिन्यांत पहिल्यांदा रडले आणि नाक पुसून पाण्याची वाटी त्याच्या तोंडाशी नेली.

तो प्यायला. घोट घोट करत सगळं प्यायला.

“जिंकले मी,” मी म्हणाले. कोणाला म्हणाले, ठाऊक नाही.

त्याने ओठ पुसले आणि हळू आवाजात विचारलं, “बाकीचे उठले का?”

“कोण बाकीचे?”

त्याने नजर भिंतीकडे वळवली. त्याच्या पलीकडे, तो आणि भिंत यांच्यामध्ये, हातभर रुंद जागा होती. तिथे कांबळं पसरलेलं असायचं. हिवाळाभर मी या बाजूला निजले होते.

“इथे मी एकटीच आहे,” मी म्हणाले. “मी एकटीनेच ठेवलं तुला.”

तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला.

मग मी त्याच्या अंगावरून हात नेला आणि पलीकडच्या कांबळ्याखाली घातला. बघायचंच होतं मला.

तिथे ऊब होती. मी हात काढून घेतला नाही.

थोड्या वेळाने कांबळ्याखाली काहीतरी हळूच भिंतीकडे सरकलं आणि मला जागा करून दिली.