पालथ्या वाडग्याची खूण

"सुमे, भरून आलेलं भांडं रिकामं परत जाऊ देऊ नकोस हं. दिवाळीचा फराळ भर आणि खुर्शीद आपांच्या हातात दे. देशील ना?"

औरंगाबादचं नवं घर लावायला भामाआत्या पुढे गेली होती, पण तिचा मऊ आवाज सुमनच्या कानात अजून घुटमळत होता. हैदराबाद राज्याची वाटणी झाली, बाबांची बदली झाली आणि उद्या बरकतपुऱ्यातलं हे घर सुटणार होतं!

समोरच्या आपांनी ईदला शीरखुर्मा धाडला होता तो निळ्या चिनी वाडग्यातून. चिनी मातीचं भांडं सुमनच्या घरी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चालत नसे, म्हणून वाडगा ओसरीच्या फळीवर राहायचा. सुट्टीच्या दुपारी सुमन त्याच्याकडे बघत पडे. त्यावरचा झोपाळू ड्रॅगन ढगांतून हळूहळू पोहतोय, असं तिला वाटे.

आज फळी रिकामी होती.

"बाबा, वाडगा?"

"ओसरीवरचं चिनी सामान ना? अफझलगंजच्या दत्तोबाला देऊन टाकलं," मुकुंदराव पेटीला दोरी आवळत म्हणाले.

"अहो, तो आपांचा होता!"

बाबांच्या हातातली दोरी सुटली. "अरे देवा! मला वाटलं, फळीवरचं सगळं आपलंच!"

सुमन, तिचा धाकटा भाऊ माधव आणि शेजारचा अनंत धावतच बसकडे सुटले.

दत्तोबाचं जुन्या सामानाचं दुकान अंधारं होतं. कागदात बांधलेलं भांडं काखेत धरून शेरवानीतले एक गिऱ्हाईक झुंबरं बघत होते. सुमननं वाडगा परत मागितला.

"हा घ्या तुमचा वाडगा! पळा आता, बच्चे लोग!" दत्तोबा म्हणाला.

तोच निळा रंग, तसाच ड्रॅगन! माधवनं उडीच मारली. पण सुमन थबकली. हा ड्रॅगन टक्क जागा होता. तिनं वाडगा पालथा केला.

"हा आपला नाही!"

"काइकू नाही? दोनशे वर्षांचा नवाबी माल आहे, पोरी!"

अनंतनं तळावरचा लाल शिक्का मोठ्यानं वाचला, "मेड इन ऑक्युपाइड जपान. काका, जपान महायुद्धात हरला, तिथं परकं सैन्य बसलं. हा शिक्का त्याच वर्षांतला! म्हणजे हा वाडगा आमच्या माधवपेक्षाही लहान!"

"मग मला दादा म्हणायला सांगा त्याला!" माधव म्हणाला.

गिऱ्हाईक खो खो हसले. "दत्तोबा, मग मला बांधून दिलेला कोणत्या सालचा?" त्यांनी कागद सोडला.

आत झोपाळू ड्रॅगन!

सुमननं हलकेच तळ बघितला. दोन निळी वर्तुळं, त्यात कुंचल्यानं काढलेली चिनी अक्षरं.

"हे चिनी बादशहाचं नाव. पण ते नकलेवरही काढतात, असं आपा सांगतात. खरी खूण ही!" तिनं तळाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं बारीक टिंबांनी अक्षरं टोचली होती.

अनंतला उर्दू येई. त्यानं वाचलं, "बिल्कीस बानो!"

"आपांची अम्मी! लग्नकार्यात भांडी शेजारी जायची. घरी परत यावीत, म्हणून नाव टोचून घ्यायचे."

शेरवानीवाल्यांनी वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. "बेटी, ज्यांचं नाव, त्यांचं भांडं."

दत्तोबानं कान पकडले. "माफ करा, साहेब! पोरांना काय कळतंय, म्हटलं!"

मुलं परतली तेव्हा दारात पणत्या लागल्या होत्या.

"शाबास रे पोरांनो! माझी चूक निस्तरलीत," बाबा म्हणाले. "सुमे, तळ बघून ओळखलंस? मी तर कधी धड वाडगासुद्धा बघितला नाही!"

आई पुढे आली. तिनं वाडगा घेतला, क्षणभर उंबऱ्याशी थांबली आणि तो सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. सुमन बघतच राहिली. आईनं त्यात अनारसे रचले, वर स्वच्छ रुमाल झाकला.

गल्लीत संध्याकाळ निळी झाली होती, अगदी वाडग्यावरच्या ढगांसारखी. भरलेला वाडगा छातीशी धरून सुमन पायरी उतरली आणि समोरच्या हिरव्या दाराकडे सावकाश चालू लागली.