मनोरा आवडलेली मुलगी

तो तिला पहिल्यांदा दिसला तेव्हा एका पायावर उभा होता. बाहेर पाऊस, हातात भिजलेला बूट, आणि दवाखान्याच्या दारात तोंडभर हसू. ती फिजिओथेरपिस्ट. दुखरे पाय रोजचेच, पण दुखत असताना असं हसणारा माणूस विरळा.

"काय झालं?"

"जिन्यावरून घसरलो."

"काम काय करता?"

"लिफ्ट बसवतो," तो म्हणाला... आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

देवाला गाठ घालायचीच असली की तो कशाचं निमित्त काढील, सांगता येत नाही. इथे त्याने घोटा निवडला. कामापुरता परमुलखातून आलेला हा पाहुणा, घोटा बरा झाला तरी, यायचा थांबेना. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्या पायाला वाईट वाटतंय." तिने मान खाली घालून त्या धडधाकट पायाला पट्टी गुंडाळली – नको तितकी सावकाश.

काम संपलं, तो आपल्या देशी परतला. मग वर्षभर फोनवर निम्मं बोलणं, निम्मी शांतता... शेवटी तोच म्हणाला, सुट्टी काढून ये. माझं शहर बघ, माझी माणसं बघ. इथे राहवेल का ते बघ, आणि जाताना सांग.

ती गेली. पण नेमकी एका इस्पितळाची लिफ्ट बंद पडली आणि तो दुरुस्तीसाठी दिवसरात्र तिकडेच अडकला. मग तिला शहर दाखवायचं काम घरच्यांनी वाटून घेतलं. पहिला मान त्याच्या आत्याचा. शहराच्या मधोमध एक दगडी मनोरा होता, आत गोल गोल जिना. लिफ्टवाल्याच्या गावात नेमकी तिथेच लिफ्ट नव्हती. वर वारा, लाल कौलं, लांबवर नदी. किती सुंदर, ती मनापासून म्हणाली, पुन्हा पुन्हा यावंसं वाटेल.

दुसऱ्या दिवशी मामा तिला घेऊन निघाले ते थेट मनोऱ्याकडे. पाहुणीने नाही कसं म्हणायचं? चढली. मग त्याचा बेकरीवाला दोस्त भट्टी सोडून आला, लाडाने वहिनी म्हणाला, आणि मनोऱ्यावर घेऊन गेला. वर पोचलं की जो तो तिच्या तोंडाकडे बघायचा. ती बिचारी डोळे मोठे करून वा वा म्हणायची. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड झालेले असायचे. त्यात रोज नवं घर, नवा सोफा, आणि त्याच्या लहानपणाचे तेच फोटो. हसून हसून गालांनाही रग लागली होती. माणसं सोन्यासारखी, पण... जन्मभर पाहुणी होऊन कसं जगायचं? तिने मनाशी ठरवून टाकलं. उत्तर 'नाही' होतं. त्याला सांगायचं कसं, तेवढंच सुचत नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी तो सुटून घरी आला, जागरणाने डोळे तांबारलेले. त्याची आई दाराशी बूट चढवत होती.

"चल गं, आज माझा नंबर. मनोऱ्यावर जाऊन येऊ."

ती चपला घ्यायला वाकली आणि तिथेच फरशीवर बसली. उठवेना.

"काकू, नाही हो जमायचं मला. मनोरा आता डोळ्यांसमोरसुद्धा नको."

आपण हे काय बोलून बसलो, म्हणून तिने जीभ चावली.

काकूंनी बूट काढला आणि गुडघे धरत धरत तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"म्हणजे, आवडत नाही तुला तो?"

"आवडला की. एकदा."

"अगं, आत्याने सगळ्यांना फोन करून सांगितलं, पोरगी मनोऱ्यावर खुळावलीय, पुन्हा पुन्हा न्या. मामा गुडघ्याला पट्टा बांधून चढला. बेकरीवाल्याला उंचीची भीती, तो भिंतीला चिकटून होता म्हणे वर. आणि मी सकाळपासून देवाला विनवतेय, एवढं एकदा चढवून उतरव."

ती हसू लागली, आणि हसता हसता डोळे कधी भरले, कळलंच नाही. काकूंनी तिला सोफ्यावर बसवलं, पायांखाली दोन उशा सरकवल्या, आणि पुन्हा अशी भीड धरलीस तर माझ्याशी गाठ आहे, असं दटावून चहा टाकायला गेल्या. पाहुणीला कोणी असं दटावत नाही.

तो तिच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ उशीचा सुटलेला धागा ओढत राहिला.

"उत्तर सांगणार होतीस."

"नाही म्हणणार होते..."

"मग म्हण."

"म्हटलं की मघाशी, काकूंना. आणि काहीच बिघडलं नाही रे." तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "येते मी. राहायलाच येते. पण आधी... झोपू दे."

आणि झोपलीही.

काकू ट्रे घेऊन दारात आल्या. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, राहायला येणार? खांद्याला रग लागली होती, तरी तो तसूभर हलला नाही. त्याने नुसती मान हलवली – हो. काकूंनी ट्रे हळूच खाली ठेवला, तिथल्या तिथे डोळे मिटून हात जोडले, आणि पावलं न वाजवता आत गेल्या.