नवरीचा घुमट

पेर्शच्या खेड्यातलं ते सुट्टीचं घर घेतलं तेव्हा बेर्त्राँनं, माझ्या नवऱ्यानं, एकच अट घातली: घरात नवं काही आणायचं नाही. मग काय, दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आम्ही जुन्या बाजारात. ओकचं कपाट एका गावचं, वेताच्या खुर्च्या दुसऱ्या गावच्या, सुपाचं भांडं तिसऱ्याच गावचं. शेवटी शेकोटीवरची फळी तेवढी रिकामी राहिली.

तिथं मी नवरीचा घुमट ठेवला. पूर्वी आमच्याकडे लग्न झालं की नवरीचा मेणफुलांचा मुकुट लाल मखमलीवर मांडून वर काचेचा घुमट बसवत. भोवती इवले इवले आरसे. जितकी मुलं हवीत, तितके.

शेजारच्या मादाम गीमार दारातूनच म्हणाल्या, "कमाल आहे बाई तुमची! दुसरीचं लग्नसुद्धा विकत घेता?"

"अहो, बाजारात धूळ खात पडलं होतं."

"ओळखते मी हा घुमट. माझ्या आजीच्या मैत्रिणीचा. आरसे मांडले भरपूर, पाळणा काही हलला नाही." त्या आत आल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये आमची क्लेमांस आली. किती वर्षांच्या नवसांनंतर तिला सातवा महिना लागला होता.

"आई, बायका यात बाळाचं जावळ ठेवायच्या ना? मी हे ठेवते." तिनं दोन बोटांनी घुमट उचलला आणि सोनोग्राफीचं चित्र मुकुटाला टेकवून ठेवलं.

"वेडी कुठली," बेर्त्राँ म्हणाला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळ्यांत लहान आरशावर वाफ दिसली. जुनी घरं ओल धरतात, म्हणून मी काच पुसली. वाफ आतल्या बाजूला होती. ती विरली, पुन्हा आली. विरली, पुन्हा आली. झोपलेल्या लेकराचा श्वास जसा.

"आई..." क्लेमांस मागं उभी होती, हात पोटावर. "सकाळपासून हलत नाहीये गं."

बेर्त्राँ गाडीच्या किल्ल्या शोधू लागला. मी घुमटाला हात घातला. निघेना.

"फोड तो!" बेर्त्राँ ओरडला.

"नको, बाबा! लागेल तिला!"

कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

मला काही सुचेना. मग तोंडात आलं ते मरियामातेचं स्तोत्र. लहानपणापासून चर्चच्या गायनात म्हणत आलेय. तेच गाऊ लागले. दुसऱ्या ओळीला कुणीतरी साथ धरली. बाईचा आवाज, अगदी कानाशी, चाल जरा जुनी.

क्लेमांसचे ओठ मिटलेले होते.

काच सैल झाली.

मी चित्र ओढून काढलं. आरसा लख्ख झाला.

"लाथ मारली!" क्लेमांस हसत हसत रडू लागली.

डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. शरदात ब्लांश जन्मली. गुटगुटीत, हसरी; देवाची कृपाच. डोळे भरून पाहावं असं लेकरू.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पाहायला आम्ही सगळे खिडकीशी जमलो. गार काचेवर प्रत्येकाच्या तोंडापुढं वाफेचं पांढरं वर्तुळ उमटलं. ब्लांश आईच्या कडेवरून काचेला नाक लावून मोठमोठ्यानं बडबडत होती.

तिच्यापुढची काच स्वच्छ होती.

क्लेमांसनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पटकन वाकली आणि लेकीपुढच्या काचेवर तिनं स्वतःचा श्वास सोडला.